गळ्याइतकं पाणी

माझं काम आरसे पुसायचं.
टेबलाखाली दोन, कोनात उभे.
त्यांच्या मागे दुरपता मांडी घालून,
तिच्या गुडघ्याशी मी,
आणि वर, पितळी परातीत, तिचं मुंडकं.

शुक्रवारी तलावाच्या काठाला तंबू.
पाटीवर : धडावाचून जिवंत राजकन्या. दोन पैसे.
चांद्याचा ताडमाड लक्ष्मण दाराशी वाकून उभा,
त्याच्या खांद्यावर बसून बुटका इस्माइल ओरडे,
"पाहून घ्या बाप्पा, उद्या कामठीला चाललो!"
सतरा दिवस आम्ही उद्या कामठीला चाललो होतो.

मिलचा भोंगा झाला की गर्दी व्हायची.
जेवते काय? झोपते कशी? लगन झालं काय?
मास्तरनं पढवलेलं ती सांगे :
ऋषीचा शाप, सिंहलद्वीप, बारा वर्षं.
नाकावर माशी बसली तरी सांगे.
पायाला मुंग्या आल्या की
अंगठ्यानं मला ढोसायची,
मी अंधारात तिची पोटरी चोळायचो.

एकदा म्हणाली, "मला काही नवं नाही हे.
आमच्या बोडीत शिंगाडे तोडताना
गळ्याइतकं पाणी.
काठावरून जाणाऱ्याला मुंडकंच दिसे.
पाहायचे पैसे नाही दिले कोणी."

मग एका दुपारी
तंबूत चिखलाचा वास आला, ओल्या टोपलीचा.
सगळे विचारत होते, हसत होते,
तो वास मात्र एका जागी गप्प उभा.
शेवटी एका बाईचा आवाज,
"थंडी वाजते काय वं?"

वरून उत्तर गेलं,
सिंहलद्वीपात थंडी नसते.
आवाज पाटीवरच्या अक्षरांसारखा सरळ.
खाली तिचे दोन्ही हात
आरशाच्या पाठीला टेकलेले, बोटं फाकलेली,
पाण्याखाली वेल चाचपतात तशी.

परातीत काहीतरी पडलं, ठण्ण.
पुन्हा पडलं.
पुढचा गडी आला. दोन पैसे.

रात्री शिंगाडे आम्हीच खाल्ले.
इस्माइलचा ओठ काट्यानं फाटला,
लक्ष्मण हसता हसता तंबूच्या बांबूला आपटला.
दुरपतानं आधी मोजले होते, अकरा.
खाल्ला एकही नाही.

सकाळी मी आरसे पुसले.
पुढून स्वच्छ, डागसुद्धा नाही.
मागे, काळ्या रंगावर,
दहा बोटं उमटलेली.
ती बाजू पुसायला मला कोणी सांगितलं नव्हतं.
तशीच गोणपाटात गुंडाळली
आणि त्या दिवशी आम्ही
खरंच कामठीला गेलो.