फेरे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मी तांब्याची तार गुंडाळते.
एका कॉइलला चौदा थर, थराला साठ फेरे.
यंत्रावरचा आकडा अधूनमधून अडकतो,
म्हणून ओठांत मोजायचं.
जशोदाबेनच्या मुलीच्या लग्नात चार फेरे झाले, सगळे उठले,
मी आपली पाचव्याची वाट बघत.

खानविलकर सुपरवायझर होते तेव्हा
काही विचारायचं असलं की नुसते शेजारी उभे राहत.
मी डावा पंजा वर करायची.
थर संपेपर्यंत ते तारेकडे बघत थांबत,
मग म्हणत, "इंदूताई, पोराचा ताप उतरला का?"
कामाचं त्यानंतर.

आता अमीनसाहेब आलेत. तिशीचे. माणूस वाईट नाही.
त्यांनी भिंतीवर फळा लावला,
प्रत्येकीच्या नावापुढे हिरवा नाहीतर लाल टिकला,
आणि दाराशी, खिळ्याला, पितळी बिल्ला.
बिल्ला घेतल्याशिवाय संडासला जायचं नाही.
अकरा बायका, एक बिल्ला.
वहीत लिहायचं: गेली १०.४२, आली १०.४७.

मे महिन्यात पत्रा तापला
आणि आम्ही पाणी पिणं सोडलं.
जशोदाबेनची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी परतायची.
"हिला रोज फिरवून आणते," म्हणायची, "बिचारी घरात कंटाळते."
तिचा टिकला हिरवागार.
जूनमध्ये लघवीची आग, मग थंडी-ताप,
नऊ दिवस खुर्ची रिकामी.
फळ्यावर त्यासाठी रंग नव्हता.

त्याच महिन्यात टेस्टिंगला सोळा कॉइल पडल्या.
एकीत सहा फेरे कमी, एकीत नऊ जास्त.
अमीनसाहेबांनी रात्री थांबून वही तपासली.
वहीतल्या वेळा सगळ्या बरोबर होत्या.

काल ते मागून येऊन म्हणाले, "इंदुबेन, आ सोळा..."
सहाशे एकोणीस.
माझा डावा पंजा वर गेला. मी नेला नाही, तोच गेला.
सहाशे वीस.
शेडमधल्या सगळ्या माना वळल्या.
त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.
मग कुठे बघावं ते न कळून
तारेकडे बघत राहिले.

सहाशे साठ. पेडलवरून पाय काढला.
"बोला."
"तुम्ही हे काय पुटपुटता?"
"आकडे."
"सगळ्याजणी?"
"सगळ्याजणी."

एवढंच. बाकी काही बोलले नाहीत.
बिल्ला आज सकाळीही खिळ्यालाच होता.
मी मात्र दुपारपर्यंत
अर्धी बाटली प्यायले.