सभासद क्रमांक एकशे सतरा

रायबंदरच्या वाचनालयात, सोसायटीच्या गोदामावर,
लाकडी जिना चढून गेले तेव्हा
मला फक्त पंखा हवा होता.
हाती लागलं ते माझंच पुस्तक.
तिसरी कादंबरी. सख्ख्या भावाने अर्धी वाचून
"प्रवासात संपवतो" म्हटलेली,
एकोणीस वर्षांपूर्वी.

मागच्या पानावर तारखांचा कागद.
अकरा शिक्के, आणि अकराही वेळा एकच आकडा:
एकशे सतरा.

खोटं कशाला बोलू,
त्या पंख्याखाली मी बोटभर उंच झाले.
कुंदाबाईंनी रजिस्टर उलगडलं,
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
सगुण हळर्णकर. चोडणचे. फेरीवर होते, आता घरीच.
तुम्ही जाताय तर घेऊनच जा,
त्यांची पाळी झालीच आहे.

पायी माणसाकडून फेरी पैसे घेत नाही.
इंजिनाच्या थरथरीत पान बासष्ट उघडलं,
समासात शिसपेन्सिल, अक्षर लावणीच्या रोपांसारखं सरळ:
'खाजणाच्या मानशीचं दार भरतीला उघडत नाही. मिटतं.
पाणीच मिटवतं. ओहोटीला उघडतं.
लिहिणाऱ्याने तिथे एक रात्र तरी काढावी.'

मी अख्खं प्रकरण भरतीला उघडलं होतं,
कोळंबी, चांदणं, सगळं.

सगुणबाब बलकांवात बसलेले,
पुढ्यात गोणपाटावर सोलं वाळत.
म्हटलं, हे पुस्तक लिहिणारी मी.
"मग बसा," म्हणाले. उठले नाहीत.
बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत,
भांडायला दोन्ही.

"अकरा वेळा?" मी विचारलं,
किती साळसूद आवाजात.
"दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून.
ते मानशीचं वाचून पोरं हसतील.
चूक तुमची, पण गाव आमचा."

मग पुष्कळ वेळ काहीच नाही.
बिनदुधाचा चहा.
एक मांजर सोलांना वळसा घालून गेलं.

"आणि दुसरं," पुस्तकाकडे न बघता म्हणाले,
"ती निळ्या छत्रीची बाई.
शेवटच्या पानावर तुम्ही तिला फेरीत चढवलंत.
फेरी सुटली. पुढे?"

शेवट मोकळा ठेवलाय, मी म्हटलं, वाचकासाठी.
हे वाक्य मी मडगावात म्हटलंय, पुण्यात म्हटलंय,
दोन चर्चासत्रांत त्याला टाळ्या आहेत.

ते बोटांनी एक सोल उलटं करत राहिले.
"एकतीस वर्षं रॅम्प ओढला मी.
आत माणूस ठेवून कधी फळी उचलली नाही.
दर वेळी वाटतं, या खेपेला उतरेल.
पावसाळ्यात तर वाटतंच."

पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं. बाराव्यांदा.

परतताना रायबंदरला सगळे उतरले,
दोन स्कूटर, पाववाल्याची सायकल,
चपला हातात घेतलेली शाळेची पोरं.
मी कठडा धरून.
"बाये, देंवना गो?"
रॅम्पवरच्या मुलाने हाक दिली.
हातानेच सांगितलं, पुन्हा पलीकडे.
त्याने खांदे उडवले, साखळी ओढली.

मांडवीच्या मधोमध आल्यावर कळलं,
ती बाई निघाली होती कुठे
हे मलाही कधी माहीत नव्हतं.
मोकळा म्हणजे काय, मी तिथेच थकले होते.
मुलं झोपली होती, प्रकाशकाचं पत्र आलं होतं,
आणि पूर्णविराम जवळ होता.

अंधार पडायला अजून वेळ आहे.
सगुणबाब सोलं गोळा करत असतील.
विचारीन,
त्या वर्षी फेरी कुठल्या धक्क्याला लागायची,
त्या वेळी भरती असेल की ओहोटी,
आणि ती शिसपेन्सिल
जरा द्याल का.