ठिपका

तावडे हॉटेलजवळ आमची केबिन,
पंखा एक, फोन तीन.
"गाडी कुठं आली?"
"दाभोळकर कॉर्नरला हाय, आलीच की."
ती अजून धुलाईवर असते.

नागपूरच्या चार्टवर एकवीस वर्षं
निळ्या पेनानं माणसं भरतोय:
लोअर तीन, पोटुशी, चाकावर नको.
अप्पर नऊ, चपलांची दोन पोती, वजन करून घेणे.
आणि काही नावांपुढं नुसता ठिपका.
म्हातारे, शुगरवाले, एकट्या बायका,
तिकीट घेताना तीनदा विचारणारे,
गाडी मध्ये थांबते ना?
कशासाठी, ते सांगत नाहीत.

बाबालालला ठिपका कळतो.
सोलापूरच्या पुढं, बरा संडास बघून
गाडी बाजूला घेतो,
मोठ्यानं म्हणतो, "टायर बघतो जरा, दहा मिनिटं."

आता चार्ट मशीनमधून येतो.
ठिपक्याला त्यात रकाना नाही.
मी पेनानं देतो.

परवा ऑपरेशननंतर मीच निघालो, लोअर पाच.
चार्ट नव्या पोरानं काढलेला, आदगोंडानं.
रात्री दीडला ब्रेक लागले.
बाबालाल माझ्याकडं न बघता उतरला
आणि चांगल्या टायरला लाथा मारत राहिला,
मी परत येईपर्यंत.