चाक

जळगावच्या एमआयडीसीत, आमच्या डाळमिलीत
रात्री आठला खटका पडतो.
करंट जातो, पट्टा सैलावतो,
पण मोठं चाक फिरतच राहतं.

माझंही तसंच.
घरी येऊन हातपाय धुतले,
ठेच्यासोबत कळण्याची भाकर खाल्ली,
गच्चीवर खाट टाकली,
आणि डोक्यात तुरीची पोती उतरायला लागली.
एकशे बारा की एकशे तेरा?
शेठ हसला तो मला, की फोनमधल्याला?
ताईच्या लग्नात मामा भरल्या ताटावरून उठला,
त्याला बारा वर्षं झाली,
आज पुन्हा उठला.

मग मनाला दटावलं: गप.
ते गप बसलं नाही,
"गप" हाच शब्द भरडत बसलं.

सुपडू मिस्त्रीला सांगितलं.
त्यानं डावा हात पुढे केला. तीन बोटं.
"चाक थांबवाले गेल्तो भो, तरणा होतो तव्हा.
एकडाव खटका पाडला ना,
मंग त्याले हात नही लावाचा.
पोत्यावर बसाचं. तंबाखू मळाची."

काल बसलो.
तंबाखू खात नाही, नुसताच बसलो.
चाळणीखालची टरफलं थोडी उडाली, बसली.
चाकाच्या आऱ्या आधी नव्हत्याच, नुसता धुरकट गोल,
मग सहा दिसल्या, मग एकेक वेगळी,
आणि एकीवर कुणीतरी
हिरव्या ऑइलपेंटनं काढलेला मोर.
नऊ वर्षं माझ्यासमोर फिरत होता,
मला ठाऊक नव्हता.

उद्या पोती पुन्हा येतील.
एकशे तेराच होती, बहुतेक.