गाढवं आली नाहीत

टेबलावर रेकॉर्डर ठेवून साहेब विचारतात,
म्हातारी नेमकं काय म्हणाली?
तिचेच शब्द सांग.

तिचे शब्द तामाशेक, साहेब.
तुमचा कागद फ्रेंच.
मी मधला. महिन्याच्या बोलीवर ठेवलेला,
निळं शिरस्त्राण नाही, बंदूक नाही,
अंगात एक जाकीट, कुणा जाड माणसाच्या मापाचं.

सव्वासातला इन-ताझोलेच्या विहिरीवर थांबलो.
पाच गाड्या, त्यातली एक पाण्याच्या टाकीची.
टपावर क्पाचा मशीनगनमागे पाय हलवत बसलेला,
जुळ्यातला धाकटा.
थोरला, तोयी, तिकडे टोगोत
कोनफळांचे वरंबे भरत असेल म्हणायचा,
आणि माझ्या वाटचेही भरतोय, मूर्ख.

विहिरीशी अस्सालामा होती.
पलीकडे दोन पोरं मोटारसायकलचं चाक बघत होती,
चाकाला काही झालेलं नव्हतं.

ती म्हणाली, खालच्या वस्तीची गाढवं आज आली नाहीत.
थोडं थांबून पुन्हा म्हणाली तेच,
या वेळी माझ्या तोंडाकडे बघत.

मी कॅप्टनला सांगितलं, हिची गाढवं हरवलीत.
कॅप्टन हसला. दोन किलो साखर दिली,
हिरव्या चहाचे पुडे दिले.
तिने घेतले. मांडीवर ठेवले. उघडले नाहीत.

आमच्याकडे कुणी असं म्हणत नाही, साहेब,
की ओढ्याच्या वळणाला माणसं दबा धरून बसलीत.
म्हणणारा दुसऱ्या दिवशी विहिरीवर दिसत नाही.
म्हणून गाढवं म्हणायचं.
माझी आई म्हणायची, आज शेजारची चूल लवकर विझली,
आणि आम्ही भावंडं चप्पल न घालता मागच्या बाजूने निघायचो.
ही भाषा मला दुधाबरोबर मिळाली आहे.
पण त्या महिन्यात झोपेतही मी फ्रेंच बोलत होतो
आणि त्या सकाळी माझी दाढ ठणकत होती.
हे लिहू नका. बरं, लिहा.

अकरा किलोमीटर. कोरडा ओढा. बाभळीसारखं एकच झाड.
सुरुंग टाकीखाली फुटला.
पाणी उभं राहिलं.
एवढं पाणी एकदम उभं मी जन्मात पाहिलं नव्हतं,
क्षणभर खरंच वाटलं, काय सुंदर.
मग ते खाली आलं, गार, अंगावर,
आणि त्याच्यामागोमाग दोन्ही दरडींवरून गोळ्या.

एसोहानाम स्टिअरिंगवर तसाच.
क्पाचाचा पट्टा संपेपर्यंत आवाज येत होता,
मग पट्टा संपला.
मी त्याला चाकाआड ओढलं. तो काही बोलला,
त्याच्या घरच्या भाषेत. मला ती येत नाही.
तीन अक्षरं, शेवटचं वर गेलेलं, प्रश्नासारखं.
मी तशीच ठेवली आहेत.
कुणी मला तोयीसमोर उभं करा,
मी तो आवाज काढून दाखवीन,
अर्थ त्याचा तो लावील.
माझ्याकडून पुन्हा चूक नको.

संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं,
त्याच्या आधी गाढवं आली.
सात होती. सुरुंगाच्या खड्ड्यात
टाकीचं पाणी साचलं होतं, तांबूस.
तिथे मान घालून प्यायली,
हाकलायला कुणी नव्हतं.

साहेब लिहितात, गाढवं हरवली.
हरवली नाही साहेब, आली नाहीत.
फरक काय, ते विचारतात.

त्या विहिरीचा दोर गाढवंच ओढतात.
अडीच वीस पुरुष खोल पाणी आहे,
माणसाच्या हाताला येत नाही.
सव्वासात म्हणजे तिथे अर्धा दिवस.
म्हातारी बोलत होती तेव्हा
मी त्याच दोरावर हात टेकून उभा होतो.

खडखडीत कोरडा होता.