पाच हवेत

शनिवारी, संध्याकाळी सहा ते नऊ,
आमच्या धक्क्यावर निळा देवमासा येणार आहे.
खरा नव्हे. खरे येतात जानेवारीत,
चिलोएच्या मोठ्या बेटाच्या पलीकडच्या अंगाला,
आणि त्यांना बघायला बोटीचे पैसे पडतात.
हा फोनमधला. फुकट. फक्त तीन तास.

सोमवारपासून लागलेय तयारीला.
दुकानात खिळे तोलता तोलता
पिशवी रिकामी करतेय, खेळातली.
चारशे जागा, चारशे भरलेल्या.
बावीस शिंपले-ससे सोडून दिले,
एकोणीस काजळी-घुबडं.
लंगडी बदकीण तेवढी ठेवली.
कामाची नाही काडीच्या,
पण पोस्टाच्या रांगेत सापडली होती,
पेन्शनचा कागद हरवला त्या दिवशी.

मंगळवारी तारा शोधल्या. तीन निघाल्या, एक चालते.

बुधवारी येर्को आला, कोळ्याचा पोर, वय चौदा,
माझ्याशी बोलतो ढ मुलीशी बोलावं तसं.
"दोन्या एदुविना, जाळी उधळू नका.
मागच्या वेळी एका खेकड्यावर तीस घालवलीत."
खरं आहे. खेकडा गोड होता.
मग त्यानं कागदावर सगळं लिहून दिलं:
रोसामेल, फेरीचं तिकीट फाडणारा, डावीकडे.
पाववाली फिलोमेना उजवीकडे, हात धुऊन,
कारण पिठाच्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.
मी मध्ये. तो स्वतः पुढे.

गुरुवारी खेळानं नियम कळवला:
पाच जण, एकाच वेळी, पन्नास पावलांच्या आत.

आम्ही चौघं पावाच्या दुकानात उभे राहिलो,
बोटं मोजली. पुन्हा मोजली.
पाचवा आहे, हे सगळ्यांना ठाऊक.
खेळात त्याचं नाव काळा-बटाटा-सात.
रोज रात्री दोनला देवळाचा मनोरा माझ्याकडून हिसकावतो,
रोज सकाळी सातला मी परत घेते.
रात्री दोनला या वाडीत एकच दिवा असतो.
कुणी काही बोललं नाही.
फिलोमेना भट्टीकडे बघत राहिली,
रोसामेलला एकदम फेरीची वेळ आठवली.

नोल्बेर्तो. माझा सख्खा भाऊ.
बटाट्याच्या वाफ्यावरून, दोन पावलं जमिनीवरून,
अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.
आईच्या मातीलाही वेगवेगळ्या वाटेनं गेलो.

लहानपणी आमचं घर हलवलं होतं,
खालच्या दलदलीतून वर टेकडीवर,
अख्खं घर, खिडक्यांसकट, ओंडक्यांवर ठेवून,
आठ बैल आणि अर्धी वाडी दोराला.
मिंगा म्हणतात त्याला इकडे.
पैसे कुणी घेत नाही,
पण निरोप पाठवून चालत नाही.
दारोदार स्वतः जावं लागतं, शब्द टाकावा लागतो.
वडील गेले होते, टोपी हातात धरून,
ज्यांच्याशी वैर त्यांच्याकडे आधी.

तर शुक्रवारी दुकान लवकर लावलं.
टोपी नव्हती. फोन होता हातात,
ब्याण्णव टक्के.
माझ्या दारापासून त्याच्या फाटकापर्यंत पावलं मोजली,
उगाच, काहीतरी करायचं म्हणून.
सेहेचाळीस.
म्हणजे दोन वर्षं स्क्रीनवर कोपऱ्यात
"जवळ एक खेळाडू आहे" असं जे चमकायचं
आणि मी अंगठ्यानं पुसून टाकायची,
ते काही खोटं नव्हतं.

आणि खुंट.
खुंट मीच हलवला होता.
पावणेदोन पावलं. दोन नाही.
हे मी येर्कोच्या कागदावर लिहिलेलं नाही.

कुत्रा भुंकला. नवीनच कुत्रा, मला ओळखत नाही.
तो बाहेर आला. केस पिकलेत, चष्मा लागलाय,
आणि शर्टाच्या खिशात तार, पांढरी, लोंबकळती.
मी म्हटलं, "पाच हवेत."
तो म्हणाला, "माहीत आहे."
बराच वेळ तेवढंच.
मग विचारलं त्यानं, "जाळी किती?"
"एकशे चाळीस."
"कमी आहेत," म्हणाला, "तू उधळतेस."

फाटक उचलून उघडावं लागलं त्याला,
वरची बिजागरी पार गंजून गेलीय.
साडेतीन इंची. माझ्याकडे आहेत, मागच्या फळीवर.
शनिवारी घेऊन येईन म्हटलं,
पाच वाजता, सहाच्या आधी,
आणि खुंटाचं काय ते
तेव्हाच, पाना हातात असताना.