गेस्ट टॉवेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
मी टॉवेल तपासते.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडा काठ.
पीसमागे साठ पैसे.

मार्चपासून बावीस माग झाकून ठेवलेत.
इरण्णा सुपरवायझर म्हणतो,
तिकडं अमेरिकेत घरं खपंनात.
जुन्या कर्जाला तीन टक्के, नव्याला सात,
मग घर कोण कशाला बदलंल?
घर तेच, तर न्हाणीघर तेच,
न्हाणीघर तेच, तर टॉवेलही तेच.
तिशीची पोरं आईबापाच्या तळघरात राहतात,
भाडं झेपत नाही म्हणे.
आणि आपली ऑर्डर, बालामणी, निम्मी.

मला हसूच आलं.
आमच्या दहा बाय बारात सहा जणं.
धाकटा दीर माळ्यावर झोपतो,
त्याला तळघर म्हणत नाहीत, इतकंच.

खोक्यावर ओहायो छापलेलं असतं.
तिथल्या एका बाईला मी नाव ठेवलंय,
म्हणजे दिलंय: लिंडाक्का.

लिंडाक्का, तू हलत नाहीस ते कळतं मला.
मी तरी कुठं हलते?
ही खोली सोडली तर दुसरीकडं डिपॉझिट दुप्पट,
आणि नवा मालक पिंपं ठेवू देईलच असं नाही.
पाच दिवसांनी नळ येतो आमच्याकडं.
पण तू जागची उठत नाहीस
म्हणून कुंभारीचं माझं घर
लिंटलला अडलंय बघ.
बँकेला काय सांगू, लिंडाक्काचं कपाट भरलेलं आहे?

लहान टॉवेलवर 'गेस्ट' असं भरतकाम असतं.
हे काय, विचारलं मी.
पाहुण्याचा वेगळा, इरण्णा म्हणाला,
तिथं पाहुण्याला खोलीच वेगळी असते.
त्यातला एक डागी पीस
किलोच्या भावानं घरी आणला.
सासू म्हणाली, ह्यानं पुसायचं कुणी?
तसाच घडी करून ट्रंकेत.

रविवारी कुंभारीला गेले, टॉवेल पिशवीत घेऊन.
बिनछपराच्या घरात ऊन सगळीकडं सारखं.
मोरी तीन बाय चार,
पावलांनी मोजली, दोनदा.
मग विटांच्या सांध्यात एक खिळा ठोकला
आणि टॉवेल लावून बघितला.
जरा उंचावर झाला.

मिस्त्री शेजारच्या भिंतीवरून ओरडला,
प्लास्टरच्या आधी खिळा ठोकतं का कुणी, बाई?
काढा तो.
काढते म्हटलं,
आणि परतीच्या बसची वेळ विचारली.